चाळीस मिनिटं

मी पाण्यात कधी गुडघ्यापलीकडे गेले नाही.
माझं काम तिसऱ्या मजल्यावर, पगारपत्रकांचं.
खिडकीतून अटलांटिक दिसतो
बँकेच्या पाटीच्या वर, बोटभर.

तरी किनाऱ्यावरचे अडतीस जण मला तोंडपाठ:
आडनाव, खातं, शिल्लक रजा,
इरिनेओ गोन्यीचा गुडघा
(दोन अर्ज, दोन्ही नामंजूर),
सुलेमा बेर्तोलोत्तोची शिट्टी, जी तिनं स्वतःच्या पैशानं घेतली
आणि पावती मात्र आम्हाला पाठवली, तीन वर्षं, दर वर्षी तीच.

पंधरा डिसेंबर ते अठ्ठावीस फेब्रुवारी.
एवढाच समुद्र नगरपालिकेच्या अंदाजपत्रकात बसतो.
पूर्वी पाच महिने बसायचा.
मार्चात पाणी ऊबदारच असतं,
ब्वेनोस आयरेसची बस भरून येते, पोरं डुंबतात,
आणि खुर्च्या गोदामात, पाय वर करून, एकीवर एक.
मार्चात कोणी बुडालं तर कुठल्या रकान्यात लिहायचं,
सुलेमानं बैठकीत विचारलं.
सचिव म्हणाले, मुद्द्याला धरून बोला.

जानेवारीच्या दुसऱ्या सोमवारी ते खुर्च्यांवरून उतरले.
प्रत्येक खुर्चीला काळं निशाण बांधलं
आणि रस्त्याकडेच्या कठड्यावर बसले ओळीनं,
पाण्याकडे पाठ करून.

पाठ करणं जमत नव्हतं त्यांना.
जेवणाच्या सुट्टीत मी गेले होते बघायला.
येर्बाचा कडू चहा हातोहात फिरत होता, एकाच नळीनं.
ढोल होता, पण वाजवणाऱ्याचा ठेका सारखा चुकत होता,
कारण दर थोड्या वेळानं एकेक मान वळायची,
पाण्यातली डोकी मोजायची
आणि परत रस्त्याकडे यायची.

आमच्या संगणकात संपाचा कोड सात.
रोज संध्याकाळी अडतीस वेळा सात.

गुरुवारी आग्नेयेचा वारा सुटला.
चार-वीसला दार्दो इत्चार्ट कठड्यावरून उठला.
कोणी हाक मारली नव्हती, सगळे सांगतात.
घड्याळ सुलेमाच्या हातात दिलं
आणि वाळू तुडवत गेला.
मुलगा नऊ वर्षांचा, आत्याबरोबर आलेला.
पाच वाजता तो टॉवेलात गुंडाळून बसला होता,
हातातलं बिस्किट भिजलं म्हणून रडत.

शुक्रवारी फाईल माझ्या टेबलावर.
विधी विभागाचा शेरा, हिरव्या शाईत:
सदर कर्मचाऱ्याने सेवा बजावल्याचे निदर्शनास येते.
सबब उक्त कालावधीचे वेतन अदा करावे.
तसेच संप अंशतः मागे घेण्यात आल्याचे समजण्यात यावे.

मी दार्दोच्या ओळीतला एक सात खोडला.
चार-वीस ते पाच.
जोखीम भत्ता? तो लाल निशाणाला मिळतो.
काळ्या निशाणाचा दर ठरलेला नाही.

तो खिडकीशी आला तेव्हा केसांत अजून वाळू होती.
चिठ्ठी दोनदा वाचली. हसला नाही, चिडलाही नाही.
म्हणाला, “आणि आधीचे तीन दिवस?
बघत तर होतोच की.”
मी म्हटलं, बघण्याला रकाना नाही.
म्हटलं, आणि माझंच तोंड मला नकोसं झालं.
सही न करता तो गेला.
ती नोट आणि सुट्टी नाणी
अजून माझ्या खणात आहेत, पाकिटात, त्याचं नाव घालून.
हिशेब जुळत नाही म्हणून लेखापाल दर सोमवारी विचारतात.

तोडगा निघाला. दहा दिवस वाढवून मिळाले.
वर्तमानपत्रात दोघांनीही विजय म्हटलं.
अकरा मार्चला खुर्च्या गोदामात गेल्या.

काल डबा घेऊन मी कठड्यावर बसले,
आधी रस्त्याकडे तोंड करून.
मग वळले.
पाण्यात सात जण होते.
मग सहा.
डबा तसाच मांडीवर, झाकण अर्धं उघडं,
आणि मला पोहता येत नाही.
लाट फुटली, ओसरली,
तिच्यामागून निळ्या टोपीची एक बाई वर आली, नाक पुसत.
सात.